बदलीचा बेडका

फराळाचं ताट समोर घेऊन हा अंक चाळत असाल तर ताट किंवा लेख, दोहोंपैकी एक आधी बाजूला ठेवा. मला बेडक्याबद्दल लिहायचं आहे. संपादकबाईंना मी फोनवर तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "विषय वेगळा आहे." ही परवानगीच, असं मी धरून चालले.

सुरतेतल्या एका सरकारी इस्पितळात छातीची डॉक्टर म्हणून माझी नोकरी झाली. वडील इथल्याच मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी जन्मभर पोरांना गप्प बसवलं आणि मी जन्मभर माणसांना खोकायला लावलं. अजूनही लग्नाच्या पंगतीत कुणी ठसकलं की माझे कान टवकारतात. खोकला कोरडा की ओला, घशातला की खोलचा, हे ठरल्याशिवाय मला पुढचा घास जात नाही. आमच्या ह्यांनी माझ्याबरोबर नाटकाला येणं त्याच कारणाने सोडलं.

थुंकी आणि बेडका यांतला फरक समजावण्यात आमचं निम्मं आयुष्य जातं. थुंकी तोंडात तयार होते, तिला फुप्फुसातलं काही ठाऊक नसतं. बेडका फुप्फुसातून वर येतो, आतली बातमी घेऊन येतो. पण माणसाच्या हातात डबी दिली की तो लाजतो, भिंतीकडे तोंड करतो आणि शिष्टाचार म्हणून थोडी थुंकी घालून आणतो. तंबाखू-सुपारीचा मावा खाणारे गडी लालभडक नमुना आणतात आणि नवा डॉक्टर रक्त समजून धावपळ करतो. एका हिरेदलालाने तर आमची डबी नाकारली. हिरे बांधतात तशी पांढऱ्या कागदाची घडीदार पुडी करून त्याने बेडका आणला आणि खिशातून काढून टेबलावर अलगद ठेवला. त्याला वाटलं, माल नाजूक आहे.

या सगळ्यांना सरळ करायचं काम कोकिळाबेनकडे होतं. त्या आमच्या विभागातल्या जुन्या नर्स, सुरती बाई, आवाज खणखणीत. इमारतीच्या मागच्या बाजूला एक मोकळी गॅलरी होती, वारा खेळता असावा म्हणून निवडलेली. तिथे ज्यांचा बेडका येत नाही त्यांना मिठाच्या पाण्याची वाफ हुंगायला द्यायची आणि खोकायला शिकवायचं. तोंडावर जाड मास्क लावून कोकिळाबेन समोर उभ्या राहायच्या. "ऊंडेथी, भाई, ऊंडेथी. गळामांथी नहीं." खोलातून काढा, घशातून नको. खालून जाणारी माणसं वर बघायची. कुणाला तरी बाळंतपण चाललंय असं वाटायचं.

आता मूळ विषय. ज्यांना एचआयव्हीची लागण झालेली आहे आणि ज्यांनी त्यावर औषध घेतलेलं नाही, अशी माणसं आमच्याकडे येत. पुष्कळांना लागण झाल्याचा पत्ताच नसे. शरीराची पहारेकऱ्यांची फौज पार झिजली की एरवी ज्यांची कुणी दखल घेत नाही ते जंतू आत येऊन मुक्काम ठोकतात. टीबी त्यातला दांडगा आणि नेहमीचा. दुसरा एक मुखदुर्बळ आहे. न्युमोसिस्टिस नावाची ती बुरशी. तुमच्या-माझ्या श्वासातून ती येते-जाते आणि काही बिघडत नाही. पण पहारा नसला की ती फुप्फुसाच्या इवल्या इवल्या फुग्यांत भरून बसते. खोकला कोरडा, ताप बेताचा, नळी लावून ऐकावं तर छाती जवळजवळ स्वच्छ. माणूस बसलेला असतो तेव्हा ठीक दिसतो आणि चालायला लावला की बोटाच्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा झरझर उतरतो. वेळेत ओळखलं तर उपाय साधा आहे, जुनी आणि स्वस्त गोळी, फक्त भरपूर द्यावी लागते. ओळखायला उशीर झाला तर माणूस हातचा जातो. तसे गेलेले मला आठवतात. एक सभ्य मराठी गृहस्थ, कचेरीतले हेडक्लार्क, त्यांच्या घरचे एचआयव्हीची तपासणी करूच देईनात. "आमच्याकडे असलं काही नसतं," असं त्यांचा भाऊ मला पुन्हा पुन्हा सांगत होता. घरचे तयार झाले तोवर फार उशीर झाला होता. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

म्हणून लोटन आला तेव्हा मी सावध होते. तरीही त्याने मला फसवलंच, आणि तेही कसलंही कपट न करता.

लोटन मूळचा अमळनेरकडचा, सुरतेतल्या बमरोलीला कापडाच्या लूमवर कारागीर. पस्तिशीचा असेल. व्हीलचेअरवरून आणला तेव्हा एक वाक्य बोलायला तीनदा थांबत होता. हातात कागदांची पिशवी होती आणि कागद अगदी चोख होते. घराजवळच्या दवाखान्यातली तपासणी: बेडक्यात टीबीचे जंतू, भरपूर. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी, म्हणजे टीबीची सही. एचआयव्ही नाही. टीबीच्या गोळ्या चालू होऊन काही आठवडे झाले होते आणि हा दिवसेंदिवस खालावत होता.

"गोळ्या नियमित घेता का?" मी विचारलं.

"हा मॅडम. लघवी बी केशरी व्हस," तो म्हणाला. पलसाण्याच्या डाईंगमध्येही त्याने काही काळ काम केलेलं होतं, त्यामुळे रंगाबद्दल त्याला आदर होता. "रंग पक्का शे."

टीबीच्या गोळीने लघवीला असाच रंग येतो, म्हणजे गोळ्या पोटात जात होत्या. रंग पक्का होता, पण माणूस उतरत चालला होता. मी जीभ बाहेर काढायला लावली. टाळ्यावर आणि गालांच्या आत दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे पांढरे डाग. तरण्या माणसाच्या तोंडात असे डाग दिसले की छातीच्या डॉक्टरच्या डोक्यात एकच प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कागदावर 'नाही' असं छापलेलं होतं. छातीला नळी लावली तर काही ऐकू येईना. एवढ्या मोठ्या पोकळीचा मालक, आणि छाती शांत. खाटेपासून दारापर्यंत चालवलं तर आकडा असा घसरला की मीच घाबरून त्याला धरून बसवलं आणि प्राणवायू लावला.

मग कोकिळाबेनने त्याला मिठाची वाफ दिली. बाई अर्धा तास झटल्या. लोटन बिचारा खोकत राहिला, कोरडा, ठणठणीत कोरडा. शेवटी त्या मास्क खाली ओढून माझ्याकडे आल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "बेन, आ भाई पासे तो कंई छे ज नहीं." याच्याकडे तर काहीच नाही. "मग त्या कागदावरचा भरपूर बेडका आला कुठून?" त्यांनीच विचारलं.

मी नवा एक्स-रे काढवला. दोन्ही बाजूंना खिडकीच्या काचेवर वाफ धरावी तसं धुरकट, आणि पोकळीचा पत्ता नाही. आमचा तरुण निवासी डॉक्टर आनंदाने म्हणाला, "मॅडम, कॅव्हिटी भरली." एवढ्यात ती अशी भरत नसते. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आणि फुप्फुसं सोडून हाडं बघायला लागले. जुन्या फोटोत गळ्याखालचं डावं आडवं हाड कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं. नव्या फोटोत ते सरळ, सुरेख, जन्मात कधी न मोडलेलं. मोडलेलं हाड जुळतं हे मी शिकले होते. ते कधी न मोडल्यासारखं होऊ शकतं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

लोटनच्या खाटेशी जाऊन मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हा जुना फोटो कुणाचा आहे?"

"मना नावना शे," तो म्हणाला.

"नाव तुमचंच आहे. छाती कुणाची?"

त्याला प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. "भटूनी. मना साडू. माले जिना चढता येत नव्हता, मॅडम. म्हणीसन त्याले बदली धाडा."

इथे थोडं थांबून लूमचा रिवाज सांगायला हवा. 'बदली' म्हणजे सरकारी नोकराची होते ती नव्हे. कारागीर गावी लग्नाला गेला, आजारी पडला, तर तो आपल्या जागी दुसरा माणूस उभा करतो. मशीन त्याच्या नावावर, हजेरी त्याच्या नावावर, उभा राहतो तो बदली. शेठला कापड उतरल्याशी मतलब. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट ज्याचा बदली भरवशाचा तो कारागीर भरवशाचा. लोटनला दम लागत होता, बेडका येत नव्हता. भटूला दम लागत नव्हता आणि बेडका मुबलक. लोटनने भटूला पाठवला यात त्याच्या हिशेबी सगळं रीतसर झालं होतं. भटूने लोटनचं नाव सांगून बेडका दिला, फोटो काढला, आणि रक्त मागितलं तर तेही दिलं. इतका मन लावून काम करणारा बदली मी दुसरा पाहिला नाही. म्हणजे इतके दिवस कागदावर भटूची तपासणी झाली होती आणि गोळ्या लोटन गिळत होता. त्याहून गंमत अशी की त्या गोळ्या दर वेळी दवाखान्यातून आणून देत होता भटूच, वाटभर खोकत.

मला आधी हसू आलं, पण ते टिकलं नाही. दोघं एकाच खोलीत राहत होते, आलटूनपालटून एकाच खाटेवर झोपत होते. एकाला खोकल्यातून पसरणारा उघडा टीबी आणि दुसऱ्याच्या अंगात त्याला अडवणारं बहुधा काहीच उरलेलं नाही.

लोटनला विचारून, समजावून, त्याची संमती घेऊन त्याच्या स्वतःच्या दंडातलं रक्त तपासलं. एचआयव्ही होता. बुरशीची गोळी मी त्या रिपोर्टच्याही आधी चालू केली होती, कारण अशा वेळी कागदाची वाट बघण्यात अर्थ नसतो. पण पुरावा हवा होता आणि टीबी त्यालाही आहे का तेही बघायचं होतं. दुसऱ्या सकाळी कोकिळाबेन पुन्हा कंबर कसून उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांच्या आरोळ्यांनी मेडिसिनच्या वॉर्डातले पेशंटही सहानुभूतीने खोकू लागले म्हणतात. अखेर डबीच्या तळाशी चमचाभर पाणचट काहीतरी पडलं. कोकिळाबेनने ती डबी देवाचा प्रसाद न्यावा तशी दोन्ही हातांनी प्रयोगशाळेत नेली. नमुन्यात टीबी नव्हता. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर माझी जुनी मुखदुर्बळ ओळखीची बसलेली होती.

आता भटूला बोलावणं आलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मिशी पिळलेली, डावा खांदा किंचित उतरलेला. माझी खात्री त्या खांद्यावरूनच पटली.

"फोटो बी मीच काढा, रगत बी मीच दिधं," त्याने बसायच्या आधीच सांगितलं. शाबासकीसाठी बोलावलंय असा त्याचा समज होता.

"भटूभाऊ, तुम्हाला टीबी आहे," मी म्हणाले.

तो माझ्याकडे दयेने बघत राहिला. "टीबी लोटनले शे, मॅडम. कागदवर नाव त्यानं शे. मी तं बदली व्हतू."

"बेडका कुणाचा होता?"

"मना. पण लोटनना नावना."

"तुमच्या लूमवर तुम्ही लोटनच्या नावाने उभे राहिलात आणि हात सापडला, तर दुखणार कुणाला?"

त्याने बोटांकडे बघितलं. "दुखी तं माले," त्याने कबूल केलं. "पण नुकसान त्यानंच धरतस."

कोकिळाबेन मागे उभ्या होत्या, त्या तोंडावर पदर धरून बाहेर गेल्या. मी मात्र तशीच नेट लावून बसले आणि अर्धा तास समजावल्यावर भटूने टीबी स्वतःच्या नावावर चढवून घेतला. फार मोठेपणाने घेतला, लोटनवरचा एक भार आपण उचलतोय अशा थाटात. मग त्याने विचारलं, "मंग लोटनले काय शे?"

"वेगळा न्यूमोनिया," मी म्हणाले. त्यापलीकडचं सांगणं माझ्या हातात नव्हतं, ते लोटनचं होतं. भटू दारापर्यंत जाऊन परत आला आणि हळूच म्हणाला, "त्यानी काही तपासणी बाकी व्हई तं सांगा. मी शे." मी त्याला हात जोडले.

लोटन हळूहळू सुधारला. प्राणवायूची नळी निघाली, तोंडातले डाग गेले, एक दिवस तो खाटेपासून दारापर्यंत चालत गेला आणि आकडा जागचा हलला नाही. एचआयव्हीच्या गोळ्या चालू झाल्या. या गोळ्या रोज घेतल्या तर माणूस नेहमीसारखा जगतो, हे मी त्याला सांगितलं आणि ते खरं आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी पंख्याकडे बघत म्हणाला, "ह्याले बदली चालत नही ना?"

"नाही."

"नहीच चालाव," तो म्हणाला, आणि रडला. मला तिथून उठवेना.

खरा अवघड भाग पुढेच होता. त्याची बायको मंगला गावी होती आणि वरचेवर सुरतेला येऊन राहायची. तिला सांगायला हवं होतं, तिचीही तपासणी व्हायला हवी होती. लागण असेल तर वेळेत गोळ्या चालू झाल्या पाहिजेत, नाहीतर तीही एक दिवस अशीच व्हीलचेअरवरून यायची. लोटन मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला एकटाच यायचा. कधी गावी निंदणी चालू असायची, कधी तिच्या मामाचं कुणी वारलेलं असायचं. एकदा त्याने तिचा नंबरच माझ्यापुढे धरला. "तुम्हीच सांगी द्या मॅडम. तुमनं बोलणं चांगलं शे." मी म्हटलं, तू सांग, मी शेजारी बसेन, लागेल तिथे मदत करीन, पण पहिलं वाक्य तुझं. तो फोन खिशात घालून गेला. नंतर बरेच दिवस मी त्याची वाट बघत होते आणि चिडत होते.

मधल्या काळात भटू मात्र इमानेइतबारे यायचा. गोळ्यांनी त्याचा खोकला साफ गेला आणि तपासणीला बेडकाच निघेना. मिठाची वाफ झाली, कोकिळाबेनच्या आरोळ्या झाल्या, काही नाही. ज्या गोष्टीचा त्याला अभिमान होता तीच गेली, याचं त्याला मनापासून दुःख झालेलं दिसलं. "पहिले काय निंघे मॅडम," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की हीच आनंदाची बातमी आहे. त्याला ते पटलं नाही.

आणि एके सकाळी गॅलरीच्या टोकाला लोटन दिसला. मागे दोन बायका, डोक्यावर पदर, चेहरे इतके सारखे की मी दोनदा बघितलं. एक मंगला आणि दुसरी तिची बहीण कमल, म्हणजे भटूची बायको. लोटनचे डोळे सुजलेले होते, त्यावरून त्याने सांगितलंय हे मला कळलं. मंगलाने बहिणीलाही वाटेत सांगितलं होतं. ते सांगायचा हक्क तिचाच होता. मी त्यांना आत बसवलं, रिपोर्ट काहीही आला तरी पुढे काय करता येतं ते सगळं समजावलं. मंगलाने मान हलवून होकार दिला आणि कोकिळाबेन सुई घेऊन आल्या.

दोघींपैकी एकीने बाही वर करून हात टेबलावर ठेवला. कोकिळाबेनने पट्टा बांधला. दुसरी खिडकीकडे तोंड करून पदराचं टोक पिळत होती. आणि माझ्या मनात एकदम पाल चुकचुकली.

"नाव काय तुझं, बाई?" मी विचारलं.

हात पुढे केलेलीने पदर पुढे ओढला. लोटन फरशीकडे बघायला लागला. कोकिळाबेनने सुई हवेतच धरली, माझ्याकडे बघितलं, आणि जे समजायचं ते समजल्या.

कमल हळू आवाजात म्हणाली, "तिले सुईनी भीती वाटस, मॅडम. आनि त्या कागदनी बी. मना चालत व्हई तं..."

रागवायची ती वेळ नव्हती. कारण ह्या घरात प्रेम करायची हीच एक पद्धत होती. माणूस अडला की त्याच्या जागी आपण जाऊन उभं राहायचं. भटूने छाती दिली होती, ही रक्त देत होती.

तेवढ्यात मंगला खिडकीपासून वळली. बहिणीजवळ येऊन तिने तिच्या दंडाचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडला.

"हात मांगे ले, कमल," ती म्हणाली. "हाई मनं शे. मीच देसू."

तिने बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि कुणी विचारलेलं नसताना आपलं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. लोटन उठला आणि तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

रिपोर्ट काय आला, हे तुम्ही विचारणार. तो मी तिच्या हातात दिला आणि तो तिचा आहे. गेल्या दिवाळीला चौघंही सांजोऱ्यांचा डबा घेऊन माझ्या घरी आले होते. कोकिळाबेनलाही मी बोलावलं होतं. डबा कमलने आणला होता, पण सांजोऱ्या मंगलाच्या हातच्या, म्हणून माझ्यापुढे धरताना तिने तो मंगलाच्या हातात दिला. "इनी करेल शे," ती म्हणाली.